गोठलेल्या खांद्यावरील शस्त्रक्रिया

गोठलेल्या खांद्यावरील शस्त्रक्रिया म्हणजे फ्रोझन शोल्डर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात खांद्याच्या सांध्याभोवतीचे आकसलेले आवरण सैल करून हाताची हालचाल मोकळी करण्यासाठी योजले जाणारे उपचार होत. त्यांचे मुख्य प्रकार तीन आहेत: भूल देऊन बाहेरूनच सांध्याची हालचाल करणे, दुर्बिणीद्वारे आकसलेले आवरण कापणे आणि खुली शस्त्रक्रिया. बहुसंख्य रुग्णांना यांपैकी कशाचीही गरज भासत नाही, कारण हा विकार दीर्घकाळ चालणारा असला तरी बहुतांशी आपोआप ओसरणारा आहे. त्यामुळे येथे शस्त्रक्रियेचा खरा उपयोग असाध्य रोग बरा करणे हा नसून वेदनेचा व परावलंबनाचा काळ कमी करणे हा आहे. शस्त्रक्रिया कोणती करावी याइतकाच ती केव्हा करावी, आणि करावी की नाही, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

नाव व इतिहास

खांदा दुखून हात वर न उचलता येण्याच्या विकाराची नोंद भारतीय वैद्यकात जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अवबाहुक नावाच्या वातविकाराचे वर्णन असून त्यात खांद्याच्या ठिकाणचा वात तेथील बंध शुष्क करतो आणि शिरा आकुंचित करतो, असे म्हटले आहे. हे वर्णन आजच्या एकाच रोगाशी तंतोतंत जुळते असे म्हणता येत नाही; मात्र आकसणे ही कल्पना दोन्हीकडे आढळते.

आधुनिक वैद्यकात पॅरिसचे शल्यचिकित्सक सिमॉन-एमॅन्युएल द्युप्ले यांनी १८७२ मध्ये या विकाराचे वर्णन केले आणि भुलेखाली खांदा हलवून मोकळा करण्याचा उपाय सुचवला. अर्थात आज वापरल्या जाणाऱ्या उपचारांपैकी एक जवळजवळ दीडशे वर्षांचा आहे. बॉस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द शोल्डर’ या ग्रंथातून फ्रोझन शोल्डर हे नाव रूढ झाले. १९४५ मध्ये ज्युलियस नेव्हायझर यांनी दोष सांध्याच्या आवरणात असल्याचे दाखवून ‘ॲडहेसिव्ह कॅप्सुलायटिस’, म्हणजे आवरण चिकटवणारा दाह, ही संज्ञा वापरली. पुढे दुर्बिणीने सांध्याच्या आत पाहणे शक्य झाल्यावर आवरण हाडाला चिकटण्यापेक्षा ते जाड होऊन आकसणे हा मुख्य दोष असल्याचे स्पष्ट झाले. जपानी भाषेत या विकाराला ‘गोजुकाता’, म्हणजे पन्नाशीचा खांदा, असे म्हणतात. चाळीस ते साठ या वयोगटात, आणि स्त्रियांमध्ये काहीसा अधिक, हा विकार आढळत असल्याने ते नाव अन्वर्थक आहे.

खांद्याची रचना

खांद्याचा सांधा हा उखळीचा सांधा आहे. दंडाच्या हाडाचा गोल माथा फऱ्याच्या हाडावरील खोबणीत बसतो. ही खोबण बशीसारखी उथळ असल्यामुळे शरीरातील अन्य कोणत्याही सांध्यापेक्षा खांद्याची हालचाल अधिक दिशांनी होते. सांध्याभोवती तंतुमय पिशवीसारखे आवरण असते. त्याला संधिसंपुट म्हणतात. निरोगी अवस्थेत हे संपुट सैल असते. काखेच्या बाजूला त्याची घडी पडलेली असते आणि हात वर नेताना निऱ्या उलगडाव्यात तशी ती घडी उलगडते.

गोठलेल्या खांद्यात या संपुटाच्या आतील अस्तराला दाह होतो. नंतर तेथे तंतुमय ऊतक साठून संपुट जाड, ताठ आणि आखूड होते. निरोगी खांद्याच्या संपुटात साधारणतः १५ ते ३० मिलिलिटर द्रव मावतो. गोठलेल्या खांद्यात हे प्रमाण पुष्कळदा १० मिलिलिटरपेक्षाही कमी भरते. सांध्याच्या पुढच्या व वरच्या बाजूचा भाग, विशेषतः तेथील कोराकोह्यूमरल अस्थिबंध, सर्वांत जास्त आकसतो. त्यामुळे कोपर कमरेशी ठेवून पुढचा हात बाहेरच्या बाजूस वळवण्याची क्रिया सर्वप्रथम आणि सर्वाधिक बंद पडते.

रुग्णाला स्वतःला हात हलवता येत नाही, एवढेच या विकाराचे लक्षण नाही. दुसऱ्याने हलवला तरी तो एका मर्यादेपुढे जात नाही. स्नायुबंध तुटल्यामुळे हात उचलता येत नसेल तर दुसऱ्याने तो उचलून दिल्यास बहुधा वर जातो. हा भेद निदानात महत्त्वाचा आहे. संधिवातामुळे झिजलेला किंवा मागे निखळलेला खांदाही असाच जखडतो. म्हणून क्ष-किरण चित्र काढतात. गोठलेल्या खांद्यात ते बहुधा निर्दोष दिसते.

आजाराच्या अवस्था

हा विकार सामान्यतः तीन अवस्थांतून जातो. पहिली वेदनेची अवस्था होय. यात रात्रीची वेदना तीव्र असते, त्या कुशीवर झोपता येत नाही आणि हालचाल हळूहळू कमी होत जाते. दुसऱ्या अवस्थेत वेदना काहीशी कमी होते, पण खांदा जखडलेला राहतो. केस विंचरणे, पाठीमागची कळ लावणे, मागच्या खिशातील पाकीट काढणे, फळ्यावर लिहिणे, बसमधील वरची दांडी धरणे अशी साधी कामे अडतात. तिसऱ्या अवस्थेत हालचाल क्रमाने परत येते. प्रत्येक अवस्था काही महिने चालते आणि संपूर्ण प्रवासाला सामान्यतः एक ते तीन वर्षे लागतात.

‘आपोआप बरा होतो’ याचा अर्थ ‘प्रत्येकाचा पूर्ण बरा होतो’ असा मात्र नाही. ऑक्सफर्ड येथील रुग्णांच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, आजार सुरू झाल्यानंतर सरासरी ४.४ वर्षांनी सुमारे ५९ टक्के रुग्णांचे खांदे पूर्ववत किंवा जवळजवळ पूर्ववत झालेले आढळले. उरलेल्यांच्या काही ना काही तक्रारी शिल्लक होत्या. त्यांतील बहुतेक सौम्य स्वरूपाच्या होत्या.

शस्त्रक्रियेपूर्वीचे उपचार

वेदनाशामक औषधे, सोसवतील एवढे व्यायाम आणि सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन हे पहिल्या पायरीचे उपचार आहेत. इंजेक्शनाचा लाभ विशेषतः पहिल्या, वेदनेच्या अवस्थेत दिसतो. जलविस्तारण या उपायात क्ष-किरण किंवा ध्वनिलहरींच्या चित्राच्या साहाय्याने सांध्यात क्षारजल, आणि बहुधा स्टेरॉइड, दाबाने भरून संपुट ताणले जाते. तो शस्त्रक्रिया व साधे इंजेक्शन यांच्या मधला उपाय मानला जातो आणि त्यासाठी संपूर्ण भूल द्यावी लागत नाही.

दुखऱ्या खांद्याला जबरदस्तीने ताणल्यास तो लवकर मोकळा होतो, ही समजूत सर्वत्र आढळते. नेदरलँड्समधील ७७ रुग्णांच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याच्या उलट चित्र दिसले. वेदनेच्या मर्यादेत राहून हलके व्यायाम करणाऱ्या गटातील ८९ टक्के रुग्णांचे खांदे दोन वर्षांअखेर जवळजवळ पूर्ववत झाले. वेदनेच्या पलीकडे ताणून जोरकस व्यायाम घेणाऱ्या गटात हे प्रमाण ६३ टक्के होते. भूल न देता हात झटक्याने ओढून खांदा ‘सोडवण्याचे’ प्रकारही म्हणूनच टाळावेत. त्यात स्नायुबंध फाटण्याचा किंवा हाड मोडण्याचा धोका असतो.

शस्त्रक्रियेचा विचार केव्हा होतो

सामान्यतः निदान तीन ते सहा महिने वरील उपचार करूनही हालचाल सुधारत नसेल आणि दैनंदिन जीवन वा उपजीविका अडत असेल, तर शस्त्रक्रियेचा पर्याय रुग्णापुढे ठेवला जातो. दाह जोरात असलेल्या पहिल्या अवस्थेत शस्त्रक्रिया बहुधा टाळतात, कारण मोकळे केलेले संपुट त्या काळात पुन्हा आकसण्याची भीती असते. तिसऱ्या अवस्थेत खांदा स्वतःच सुटू लागलेला असतो, त्यामुळे तेव्हा हस्तक्षेपाचे प्रयोजन उरत नाही. राहते ती मधली, जखडलेपणाची अवस्था.

येथे केवळ कोनांची मोजमापे पुरेशी नसतात. हात खांद्याच्या उंचीपर्यंत जात असेल, तर घरकाम व वाचन-लेखन करणाऱ्या एखाद्याला वर्षभर थांबणे शक्य असते. रंगकाम करणाऱ्या, ओझी उचलणाऱ्या किंवा वाहन चालवून पोट भरणाऱ्या व्यक्तीला तेच वर्ष परवडत नाही. दोघांचा रोग एक असूनही निर्णय वेगळा असू शकतो.

भुलेखाली सांध्याची हालचाल

या उपचारात कोठेही छेद घेतला जात नाही. रुग्णाला संपूर्ण भूल देतात. शिवाय पुष्कळदा मानेच्या बाजूस इंजेक्शन देऊन हाताकडे जाणारे मज्जातंतू काही तासांसाठी बधिर करतात. स्नायू पूर्ण शिथिल झाल्यावर शल्यचिकित्सक एका हाताने फऱ्याचे हाड स्थिर धरतो व दुसऱ्या हाताने रुग्णाचा दंड काखेजवळ पकडून तो क्रमाने वर, बाजूला, बाहेर व आत वळवतो. आकसलेले संपुट फाटताना हाताला जाणवते आणि कधी कधी त्याचा आवाजही ऐकू येतो. शेवटी सांध्यात बहुधा स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. प्रत्यक्ष कृती काही मिनिटांची असते आणि रुग्ण पुष्कळदा त्याच दिवशी घरी जातो.

दंड काखेजवळ पकडण्यामागे कारण आहे. कोपर किंवा मनगट धरून जोर लावल्यास लांब तरफेमुळे तो जोर हाडावर अनेक पटींनी पडतो आणि दंडाचे हाड मोडू शकते. हाडभंग, सांधा निखळणे, रोटेटर कफ या स्नायुबंधांच्या समूहाला इजा, मज्जातंतू ताणले जाणे आणि सांध्यात रक्तस्राव हे या उपचारातील धोके आहेत. ते क्वचित उद्भवतात. ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत, ज्यांच्या त्या हाडाला अलीकडे भंग झाला आहे किंवा ज्यांच्या त्या खांद्याच्या स्नायुबंधांची दुरुस्ती झाली आहे, अशांच्या बाबतीत हा उपचार सहसा करीत नाहीत. संपुट नेमके कोठे फाटेल हे शल्यचिकित्सकाच्या पूर्ण ताब्यात नसते, ही या पद्धतीची मूळ मर्यादा आहे.

दुर्बिणीद्वारे संपुटमोचन

या शस्त्रक्रियेतही संपूर्ण भूल देतात. रुग्णाला आरामखुर्चीसारख्या अर्धवट बसलेल्या स्थितीत किंवा कुशीवर ठेवतात. खांद्याच्या मागील बाजूस लहानसा छेद घेऊन सुमारे ४ मिलिमीटर जाडीची दुर्बीण सांध्यात घालतात आणि पुढच्या बाजूच्या दुसऱ्या छेदातून उपकरणे नेतात. सांध्यात क्षारजल खेळते ठेवल्याने आतला भाग पडद्यावर स्पष्ट दिसतो. आकसलेल्या सांध्यात दुर्बीण शिरवणे हेच पुष्कळदा पहिले आव्हान असते.

सुजलेले, लालसर अस्तर प्रथम काढून टाकले जाते. नंतर पुढच्या व वरच्या बाजूचे जाड झालेले ऊतक आणि कोराकोह्यूमरल अस्थिबंध मोकळा करून पुढील संपुट कापत खाली आणतात. यासाठी विद्युत्‌लहरींवर चालणारी शलाका किंवा बारीक कात्री वापरतात. हात आतल्या बाजूस वळवून पाठीमागे नेणे फार अडत असेल तर मागील संपुटही मोकळे करतात. संपुटाच्या अगदी खालच्या भागाजवळून ॲक्झिलरी मज्जातंतू जातो. खांद्यावरील डेल्टॉइड हा मोठा स्नायू त्याच्यावर अवलंबून असतो. त्याला इजा होऊ नये म्हणून तेथे संपुट खोबणीच्या कडेलगत कापतात, किंवा तो भाग न कापता अखेरीस हलक्या हालचालीने मोकळा करतात.

नेमका जेथे दोष आहे तेथेच संपुट कापता येते, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे. शिवाय सांध्यातील स्नायुबंधाची फाटलेली कड किंवा झीज यांसारखे अन्य दोषही डोळ्यांना दिसतात. ठिसूळ हाडांच्या रुग्णांत बाहेरून जोर लावण्यापेक्षा ही पद्धत श्रेयस्कर मानली जाते. जंतुसंसर्ग, मज्जातंतूची इजा, सांध्याच्या कूर्चेला ओरखडा आणि जखडलेपणा पुन्हा येणे हे तिचे धोके आहेत. मानेत दिलेल्या बधिरीकरणामुळे त्या बाजूचे श्वासपटल काही तास दुर्बल होऊ शकते. म्हणून फुप्फुसाचा आजार असल्यास तो भूलतज्ज्ञाला आधी सांगणे आवश्यक असते.

खुली शस्त्रक्रिया

दुर्बिणीचे तंत्र रुळल्यानंतर खुली शस्त्रक्रिया विरळ झाली. जपानमधील ओझाकी व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दीर्घकाळ न सुटलेल्या खांद्यांवर खुली शस्त्रक्रिया करून कोराकोह्यूमरल अस्थिबंधाच्या आकुंचनाचे महत्त्व दाखवून दिले. आजच्या दुर्बीण शस्त्रक्रियेतही तोच भाग सर्वप्रथम मोकळा केला जातो. अपघात, हाडभंग किंवा पूर्वीची शस्त्रक्रिया यांमुळे सांध्याबाहेरही घट्ट व्रणऊतक तयार झाले असेल, किंवा दुर्बिणीने पुरेशी मोकळीक मिळाली नसेल, तरच आता या मार्गाचा विचार करतात. मोठा छेद, अधिक वेदना आणि व्यायाम सुरू करण्यास होणारा विलंब या तिच्या उणिवा आहेत.

पर्यायांची तुलना

उपचार यशस्वी झाला की नाही हे रुग्णाचा दीर्घकाळ पाठपुरावा करूनच ठरवावे, असा आग्रह कॉडमन यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी धरला होता. गोठलेल्या खांद्याच्या बाबतीत तशी मोठी तुलना ब्रिटनमधील यूके फ्रॉस्ट या चाचणीत झाली. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ३५ रुग्णालयांतील ५०३ रुग्णांची यादृच्छिक पद्धतीने तीन गटांत विभागणी करण्यात आली: दुर्बिणीद्वारे संपुटमोचन, स्टेरॉइडसह भुलेखाली हालचाल, आणि स्टेरॉइडच्या इंजेक्शनासह आखीव भौतिकोपचार. पहिल्या दोन गटांनाही उपचारानंतर भौतिकोपचार देण्यात आले.

खांद्याची वेदना व कार्यक्षमता ० ते ४८ गुणांच्या ऑक्सफर्ड मापनश्रेणीवर मोजण्यात आली. गुण जितके अधिक, तितकी स्थिती चांगली. एका वर्षानंतर दुर्बीण गटाचे सरासरी गुण ४०.३, भुलेखालील हालचालीच्या गटाचे ३८.३ आणि भौतिकोपचार गटाचे ३७.२ होते. रुग्णाला प्रत्यक्षात जाणवावा यासाठी किमान चार ते पाच गुणांचा फरक असावा, असे संशोधकांनी आधीच ठरवले होते. तेवढा फरक कोणत्याही दोन गटांत आढळला नाही. दुर्बीण गटातील रुग्णांना पुढे आणखी उपचारांची गरज सर्वांत कमी पडली. मात्र गंभीर प्रतिकूल घटनाही त्याच गटात अधिक, म्हणजे आठ, घडल्या. भुलेखालील हालचालीच्या गटात त्या दोन होत्या. खर्च व लाभ यांचा मेळ पाहता भुलेखालील हालचाल ही ब्रिटनच्या आरोग्यव्यवस्थेत सर्वांत किफायतशीर ठरली.

या चाचणीतून एक सर्वश्रेष्ठ उपचार निवडता येत नाही. तिन्ही गटांतील रुग्ण वर्षभरात बरेच सुधारले, हे तिचे तितकेच महत्त्वाचे फलित आहे. त्यामुळे ‘शस्त्रक्रिया केली नाही तर हात कायमचा निकामी होईल’ ही भीती जशी निराधार ठरते, तशीच शस्त्रक्रिया निरुपयोगी आहे ही समजूतही ठरते. भौतिकोपचाराने ज्यांना गुण येत नाही, त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेचा मार्ग खुला राहतो.

शस्त्रक्रियेनंतरचे व्यायाम

भूल उतरल्यावर हात झोळीत ठेवून विश्रांती देणे ही अन्य अनेक शस्त्रक्रियांतील रीत येथे अपायकारक ठरते. मोकळे झालेले संपुट भरून येताना पुन्हा आखूड होऊ शकते. म्हणून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्यायाम सुरू करतात. बधिरपणा असेपर्यंतच झोळी वापरतात. पुढे वाकून हात लोंबता ठेवून तो लंबकासारखा हलवणे, काठी दोन्ही हातांत धरून चांगल्या हाताने दुखऱ्या हाताला नेणे, कप्पीवरून दोरी ओढणे आणि भिंतीवर बोटे चढवत नेणे हे नेहमीचे प्रकार आहेत. पहिल्या आठवड्यांत वेदनाशामक औषधे नियमित घेणे हा या व्यायामांचाच भाग समजतात, कारण वेदनेमुळे व्यायाम सुटला तर शस्त्रक्रियेतून मिळालेली हालचाल गमावली जाते. पुढे काही आठवडे, कधी काही महिने, घरी नेमाने व्यायाम चालू ठेवावे लागतात. घरात दिवसातून अनेकदा व्यायाम करण्यास सवड मिळेल की नाही, याचा विचार शस्त्रक्रियेची तारीख ठरवतानाच करणे इष्ट असते.

मधुमेही रुग्ण

मधुमेह असलेल्यांना हा विकार इतरांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात होतो. त्यांच्यात तो अधिक काळ टिकतो आणि पुष्कळदा दोन्ही खांद्यांना होतो. थायरॉइड ग्रंथीच्या विकारांशीही त्याचा संबंध आढळतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यामुळे महाराष्ट्रासह सर्व देशात हा प्रश्न मोठा आहे. कधी कधी जखडलेल्या खांद्याची तपासणी करतानाच मधुमेह प्रथम लक्षात येतो.

मधुमेही रुग्णांत इंजेक्शन व व्यायामांचा गुण तुलनेने कमी येतो, त्यामुळे शस्त्रक्रियेची वेळ त्यांच्यावर अधिक येते. शस्त्रक्रियेनंतर हालचाल सुधारते; तथापि ती इतरांइतकी न होण्याची किंवा जखडलेपणा पुन्हा येण्याची शक्यता अधिक असते. स्टेरॉइडच्या इंजेक्शनानंतर काही दिवस रक्तातील साखर वाढते, म्हणून त्या काळात ती वारंवार तपासावी लागते. शस्त्रक्रियेपूर्वी साखर आटोक्यात आणल्यास जंतुसंसर्गाचा धोका कमी होतो.

निर्णय

उपचार निवडताना आजाराची अवस्था, वेदना व हालचालीची मर्यादा, हाडांची स्थिती, मधुमेहासारखे सहविकार, रुग्णाचे काम आणि शस्त्रक्रियेनंतर नियमित व्यायाम करण्याची शक्यता या सर्वांचा एकत्रित विचार करावा लागतो. थांबल्यास अंदाजे किती काळ लागेल, शस्त्रक्रियेने त्यातील किती काळ वाचेल आणि त्यासाठी कोणते धोके पत्करावे लागतील, हे अस्थिरोगतज्ज्ञाकडून समजून घेतल्यावरच निर्णय करणे योग्य ठरते. हा लेख केवळ माहितीसाठी असून तो वैद्यकीय सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही.